अनुज्ञेय त्रुटी

सत्तावीस वर्षं बोटं टोचली.
डाव्या हाताच्या मधल्या बोटाला आता सुईही कळत नाही,
आणि मी कोण, तर वैधमापन निरीक्षक.
लोकांचे काटे तपासते.
पारड्यात पितळी वजन ठेवलं
की दुकानदार आधी देवाच्या फोटोकडे बघतो.

बुधवारी परळच्या दवाखान्यात मेहजबीनने
दंडामागे ती डबी टेकवली, म्हणाली, "एक, दोन"
आणि तीनच्या आधीच खट्.
"झालं?"
"झालं. आता तासभर थांबायचं, गरम होतंय."
जणू तवा.

पहिला आकडा आला: एकशे बेचाळीस, आडवा बाण.
सवयीने बोट टोचलं: एकशे अठरा.
याहून कमी फरकावर
मस्जिद बंदरात काटा जप्त केलाय मी,
पंचनामा, दोन साक्षीदारांच्या सह्या.
मेहजबीन हसली. "हे रक्त नाही मोजत, ताई,
पेशींमधलं पाणी मोजतं.
रक्तात घडलेलं पाण्याला कळायला
दहा-पंधरा मिनिटं जातात."
म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखं, मी म्हटलं.

आमच्या कायद्यात शब्द आहे, अनुज्ञेय त्रुटी.
इतकी चूक चालते, त्यापुढे गुन्हा.
हा शब्द मी कधी माणसाला लावून पाहिला नव्हता.

पंपाचं वेगळंच.
टिचक्या मारून बुडबुडे वर काढायचे,
सुई आत जाऊन परत येते, मऊ नळी मागे राहते,
सहा मिलिमीटर.
मग तो देत राहतो, तासाला पाऊण युनिटही नाही,
पिंडीवरच्या अभिषेकपात्रासारखा,
दिवसरात्र, सोवळंओवळं न बघता.

पण ठेवायचा कुठे?
पुस्तिकेतल्या सगळ्यांनी पट्ट्याला लावलाय.
मला साडी आहे, परकर आहे, त्याला नाडी आहे.
घाटल्याच्या कुंदाताईंनी परकराला आतून खिसा शिवला,
दोऱ्याचं टोक दाताने तोडत विचारलं,
"मोबाइल लपवायचाय?"
"नाही. स्वादुपिंड."
त्यांनी शिलाई दुहेरी घातली.

पहिल्या तीन रात्री तो ओरडत राहिला.
ऑक्टोबरच्या घामाने पट्टीची कड सुटली,
नळी निसटली, दोनशे नव्वद झाले,
मी पहाटे संडासात बसून रडले,
आणि जुनं इन्सुलिनचं पेन काढून
बाराचा आकडा फिरवला. टक्टक्टक्.
किती ओळखीचा आवाज.

शनिवारी, उजाडायच्या आत, ससून डॉक.
डिझेल, बर्फाचा चुरा, करंदीच्या टोपल्या.
चांगुणाबाई तरेंच्या काट्यावर
पाच किलोचं वजन ठेवलं
आणि काहीतरी किंचाळलं.
तिने दोन्ही हात वर केले:
"मीनी काय नाय केला!"
पुन्हा किंचाळलं.
ती वाकली, कान दिला माझ्या कमरेला.
"बाय, तुझाच काटा वाजतंय गो."

चौसष्ट. बाण सरळ खाली.

तिने मला उलट्या क्रेटवर बसवलं,
आपला चहा पुढे केला,
साखर अशी की चमचा उभा राहावा.
किती ग्रॅम, कोण जाणे.
भात तोळून खाणारी मी, न मोजता प्यायले.
पंपाने आपणहून हात आखडता घेतला होता.
हळूहळू बोटांचं कापणं थांबलं,
टोपल्यांना कडा आल्या.
आकडा मात्र उतरतच होता: अठ्ठावन्न.
मला बरं वाटायला लागलं होतं,
त्याला अजून कळलं नव्हतं.

मग तिचा काटा पाहिला.
पाच किलोला तीस ग्रॅम कमी दाखवत होता.
तोटा तिचाच, प्रत्येक गिऱ्हाइकाला.
"कधीपासून?"
"काय म्हाईत. भावाने आनलेला."
शिक्का मारता येत नाही, म्हटलं, दुरुस्त करून आण.
"आनीन," ती म्हणाली, रिकामा ग्लास घेत,
"नि तुझा कवा दुरुस व्हनार?"

एकाहत्तर. बाण आता वर.
मी वजनांची पेटी उचलली.
पुढच्या टोपलीमागची बाई
माझ्या कमरेकडे बघत होती.