मुळे तथा मुले

मोरारच्या टेम्पोत फाइल गुडघ्यांवर,
वर ओढणी, घाम कागदांना लागू नये म्हणून.
फाइलीत मी आहे : दहावी, बारावी, बीएस्सी, बीएड,
पात्रता परीक्षा, मूळ निवासी,
आणि अकरा आदेश, दर जुलैचा एक.

आमच्याकडे माझ्यासारखीला अतिथी शिक्षक म्हणतात.
बाबा संस्कृतचे. सांगायचे, अतिथी म्हणजे
ज्याची यायची तिथी ठरलेली नाही तो.
माझी जायची तिथी मात्र आदेशावर छापलेली असते,
तीस एप्रिल.
अकरा वर्षं पाहुणी, आणि शाळेची किल्ली माझ्याकडे.
हापशाचा वॉशर मी बदलते.
सहावीतल्या गुड्डीला वर्गात पाळी आली
तेव्हा पॅड निघालं ते पाहुणीच्याच पिशवीतून.

आत तिघं. कूलरला खसाचा वास.
मधल्या साहेबांपुढे बेडईचा रिकामा द्रोण,
डावीकडचे मोबाइलमध्ये,
उजवीकडच्या बाई चष्मा पुसत.
"विराजिए, हेमांगी मुले जी."

बालकेंद्रित शिक्षण म्हणजे काय?
पुस्तकातलं उत्तर दिलं, पाठ केलेलं, न अडखळता.
बाकीचं गिळलं, की मोहरीच्या काढणीत
वर्गात नऊच उरतात,
त्यांना तरफ मी हापशाच्या दांड्यावर शिकवते
आणि तेवढ्यात घागरीही भरून होतात.

अनुभव?
अकरा वर्षं, सर.
डावीकडच्यांनी मोबाइलवरच हिशेब मांडला.
उन्हाळे वजा केले, दिवाळ्या वजा केल्या,
बंदची दोन वर्षं तर एका बोटात.
"छह साल, चार महीने, ग्यारह दिन."
उरलेले दिवस टेबलाखाली पडले असावेत,
बाईंच्या चपलांपाशी.

मग बाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.
जन्मदाखल्यावर मुळे.
(पालिकेत तेव्हा कुणी आपला कारकून असणार, वळणदार हाताचा.)
दहावीपासून पुढे सगळीकडे मुले.
"ये तो दो अलग नाम हैं."
मॅडम, हिंदीत हे अक्षर नाही.
"नहीं है, तो फिर ये क्या है?"
त्यांचं बोट बरोबर त्याच्यावर.

काय सांगणार. की मुळे मातीत असतात, मुले बाकांवर.
की हा शब्द एकटा उभाही राहत नाही कधी कधी,
आधी कुणीतरी लागतं :
उशिरामुळे, तुमच्यामुळे.
"शपथपत्र ले आइए. पाँच बजे तक."

बाहेर कडुनिंबाखाली टायपिस्ट.
शंभराचा स्टॅम्प एकशेतीसला.
त्याने बडवलं :
शपथपूर्वक कथन करती हूँ कि हेमांगी मुले
तथा हेमांगी मुले एक ही व्यक्ति हैं.
भैया, दोन्हीकडे तेच झालं.
तो म्हणाला, "तो एक ही हैं न?"

मशिनीवर ते बटण नव्हतं.
त्याचंच पेन घेऊन पहिल्या ल वर गिरवला,
दोन पोटं, मध्ये गाठ. शाई जरा फुटली.
"ये चश्मा किसका बना दिया?" नोटरी म्हणाला,
आणि शिक्का नेमका त्याच्यावर मारला.

पाचाला बारा मिनिटं कमी.
साहेब उठून गेले होते, मोबाइलवालेही.
बाईंनी शपथपत्र जवळ धरलं, लांब धरलं.
"इसे बोलते कैसे हैं?"
मी तोंड उघडून जीभ उलटी, टाळूला लावून दाखवली,
सातवीला दाखवते तशी, लाज न बाळगता.
त्या ल म्हणाल्या.
मग ड.
मग दाराकडे बघून घेतलं, आणि पुन्हा.
चौथ्या वेळी जवळजवळ आलाच होता,
पण चौकीदार किल्ल्या वाजवत आला.