हातच्या काकणाला

तांबट गल्लीच्या तोंडाशी माझं दुकान, साडेचार फूट रुंद.
मागे सासऱ्यांच्या वेळची काचेची कपाटं,
पुढे एक उशी. तिच्यावर बायका हात ठेवतात.
चेहरा नंतर. आधी हात.

अंगठा तळव्यात मुडपायचा, बोटांची चोच करायची,
हाडं एकमेकांवर सरकेपर्यंत हलकेच दाबायचं.
चाळीस वर्षं हेच.
इतका वेळ धरलेला हात गप्प बसत नाही.

पिंपळगावच्या द्राक्षांच्या शेडमधली हौसा
पगार झाला की येते. नखं खोलगट,
पाण्याचा थेंब ठेवला तर थांबेल.
सातपूरच्या निमकरबाईंच्या मनगटावर
माझ्या अंगठ्याचा खळगा उरतो,
सहावी बांगडी चढेपर्यंत भरून येत नाही.
नजमाबींच्या बोटांच्या पेरांवर काळपट मखमल.
"मळ आहे गं, जात नाही," दगडानं घासून घासून
त्यांनी साल काढली.
मळ नाही तो. आत साखर साचली की कातडं असं दाटतं,
हे मला माझ्या नणंदेच्या मानेनं शिकवलं,
फार उशिरा.

एकदा बोलून बसले.
चुड्यासाठी आलेली पोर, तळहात कागदासारखे.
आईला म्हटलं, हिचं रक्त तपासून घ्या.
आई उठलीच. "उभ्या लग्नात पोरीला खोट काढता?"
एक हात माझ्याकडे भरलेला,
दुसरा समोरच्या दुकानात भरला त्यांनी.
तेव्हापासून धंद्याची भाषा पाळते.
आमच्यात बांगडी फुटत नाही, वाढते.
आमच्यात हात बरा असतो.

मग ती रंगपंचमी.
तिवंध्याची रहाड उघडली, पोरं धपाधप उड्या टाकत होती,
गल्लीतली कुत्रीसुद्धा आठवडाभर पिवळी.
पाडव्याच्या आदल्या दिवशी सिंधू गायधनी आली.
"हिरव्या दे. आणि हसू नको, हात बघ माझे.
दोन्ही पोरांचे कपडे धुतले, रंग जाता जात नाही."

धरला हात.
रंग माझ्याही हाताला होता,
पण माझा नखांच्या कडेला अडकलेला, फाटका.
तिचा सगळीकडे सारखा,
आत कुणी दिवा लावून विसरल्यासारखा.
दंडावर ओरखडे, काही ताजे.
"खाजतं?"
"ऊन वाढलंय ना."

बांगडी अर्ध्यावर असताना मी कधी मान वर करत नाही.
त्या दिवशी केली.
रहाडीचा रंग साबणाला दाद देत नाही, मान्य.
पण डोळ्यांच्या पांढऱ्यात तो कसा उतरला, सिंधू?

एक हात झाला होता. थांबले.
म्हटलं, उरलेल्या माझ्याकडे राहू देत,
आधी सिव्हिलला जा. आज. पाडवा झाल्यावर नाही.
"हात दाखवून अवलक्षण!" ती हसली, उठली,
एक हात हिरवा,
एक रिकामा, पिवळा.
माझं आणखी एक गिऱ्हाईक तुटलं, मला वाटलं.

श्रावणात आली.
दोन-सहाची बाई, आता दोन-चारही सैल.
पित्ताच्या नळीत काय होतं, काढलं किती, राहिलं किती,
सांगत होती, मी कागद पुन्हा पुन्हा वेष्टत होते.
हात मात्र पुन्हा हाताच्या रंगाचा.
"दुसरा राहिलाय ना," म्हणाली.
भरला.
पैसे घेतले. पूर्ण घेतले.
घेतले नसते तर तिनं ओळखलं असतं.

रात्री शटर ओढण्याआधी
ट्यूबलाइटखाली स्वतःचे हात उलटे-सुलटे करते.
हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात.
खरंय, काकणं स्वच्छ दिसतात.
डाव्या तळव्यातल्या रेषा
पूर्वीपेक्षा जरा काळ्या वाटतात.
लाखेचा डाग असेल.
उद्या घासून बघते.