एप्रिलातले अक्रोड

भिंतींतून तंबाखूचा वास अजून गेलेला नाही.
तेवीस वर्षं इथे सहकारी शेतीची पानं वाळली,
दोरीवर ओळीनं, माना खाली घालून.
मिर्दितातली आम्ही पोरं याला कोठारच म्हणायचो.
देऊळ म्हणायची फक्त आई, तेही झोपेत.

मी क्रूस पाहिला तो मक्याच्या पिठात.
भाकर थापून झाली की आई करंगळीनं
एक उभी, एक आडवी रेघ ओढायची
आणि घाईनं वर झाकण ठेवायची.
निखाऱ्यावर भाकर फुगायची, रेघ मिटून जायची.
उरलासुरला पुरावा
आम्ही पाचजण मिळून खायचो.

चित्र होतं म्हणे एक, माझ्या जन्माआधी.
वडलांनी स्वतःच ते चुलीत घातलं
आणि त्या दिवसाची राख कुणाला टाकू दिली नाही.

"मग दिसतो कसा तो?" मी विचारलं.
आई कांद्याच्या साली उकळत होती.
"मला काय ठाऊक? मी कुठं पाहिलाय?
तू तुझ्या आजीला पाहिलं नाहीस,
तरी तिचं नाक घेऊन हिंडतेस ना गावभर!"

त्या रात्री अंडी तांबडी झाली.
पडदा लावून खाल्ली. टरफलं खलबत्त्यात कुटून
पहाटे कोंबड्यांपुढे टाकली.
त्यांनी आपलंच गुपित टिपून टिपून गिळलं.

सोमवारी शाळेत बार्धोक गुरुजी म्हणाले,
"हात पुढे. नखं दाखवा."
माझ्या नखांच्या कडांना तांबूस रंग होता.
"अक्रोड सोलले," मी म्हणाले, आईनं पढवलेलं.
"एप्रिलात?"
गुरुजी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.
मग पुढच्या बाकाकडे गेले.

पुढच्या बाकावर कोल होता.
नऊ वर्षांचा, नाक वाहणारा, गणितात कच्चा.
"अंड्यांचा रंग आहे," तो म्हणाला. "काल येशू उठला."
"कुणी पाहिलं?"
"कुणी नाही."
"मग?"
"मग काय, उठला."
वर्ग हसला.
मीही हसले. सगळ्यांत मोठ्यानं मीच.

बुधवारी ट्रक आला. चटया, पातेली, कोलची म्हातारी,
सगळे दक्षिणेकडे, दलदलीच्या वस्तीवर.
शेळी मागे राहिली, खुंट्याला बांधलेली.
दोन दिवस ती ओरडत होती. मग तीही सरकारजमा झाली.

आज कोठार झाडून काढलंय.
पाद्री कुठल्याशा खाणीच्या तुरुंगातून सुटून आलेला,
दोन बोटं नाहीत, आणि कानानं पार गेलेला.
माझा बाप्तिस्मा झाला होता की नाही, कुणालाच माहीत नाही.
पोर बोलून बसेल म्हणून आईनं सांगितलं नाही,
आणि पोर मोठी झाली तोवर आई मातीत गेली.

"तुझा विश्वास आहे का?"
इतका साधा प्रश्न.
आणि जिभेवर आले ते अक्रोड.

"आहे," मी म्हणाले.
"काय?" त्यानं कानामागे तळवा धरला.
"आहे!"
"मोठ्यानं, बाई. मला ऐकू येत नाही."
शेवटच्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन
बार्धोक गुरुजी बसले होते.

मी ओरडले.
शेतात माणूस लांबून दिसलं की ओरडतात तशी.
इथे तर समोर कुणी दिसतही नव्हतं.
"आहे! आणि ते अक्रोड नव्हते!"

वाशांतून तंबाखूचा भुगा गळला, लोक शिंकू लागले.
पाद्रीबुवांना दुसरं वाक्य काही कळलं नाही,
त्यांनी मान डोलावून पाणी ओतलं.
गुरुजी मात्र स्वतःच्या नखांकडे बघत होते.

ओल्या केसांनी मी बाकावर येऊन बसले.
शेजारची जागा मागून आलेल्या एकीनं विचारली.
"भरलेली आहे," मी म्हणाले.
कोलचा एकवीस वर्षांत निरोप नाही, पत्र नाही.
तिनं रिकाम्या फळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि काही न बोलता
ती पलीकडे सरकून बसली.