कात

ओउलूमध्ये नोव्हेंबरात तीनला दिवस मावळतो.
हिल्काच्या दुकानात तेव्हा निळी दुपार असते.
दार ढकललं की चष्म्यावर वाफ धरते,
बुटांचा बर्फ चटईवर पाझरतो.

मी बोट दाखवलं जांभळ्या टोकांच्या फांदीकडे.
ती म्हणाली, नाही.
पैसे आहेत, म्हटलं.
"पैसे आहेत रे तौनो, पाणी कुठाय?"
माझी टाकी सात आठवड्यांची.
तिच्या लेखी ते अजून नळाचंच पाणी, मीठ घातलेलं.
"ही लाडावलेली आहे. क्षार जरा वरखाली झाला
की रातोरात पांढरी पडेल,
आणि तू मला फोन करशील. रविवारी."

मग तिने स्वतःच निवडून दिलं:
दगडाच्या कपचीवर एक अळंबी, विटकरी, कोटाच्या बटणाएवढी;
झोआंची सहा तोंडं, हिरव्या कडांची;
आणि एक चामडी प्रवाळ,
जुन्या टोपीसारखं, काठ दुमडलेलं.
"ही गरीब आहेत. चुका पोटात घालतात.
झोआंना मात्र उघड्या हाताने शिवायचं नाही,
गरिबाच्या पोटातही विष असतं."

घरी पिशव्या पाण्यावर तरंगत ठेवल्या.
बारीक नळीला गाठ मारली,
थेंब, थेंब,
माझ्या पाण्याची त्यांना ओळख करून दिली.
दिवा मंद केला. तिघांना खाली, वाळूजवळ बसवलं,
एकमेकांना हात पोचणार नाही इतक्या अंतरावर.
शेजाऱ्यांच्या इमेलीने विचारलं, भांडतात का?
भांडतात, म्हटलं. आवाज न करता.

मी छत्तीस वर्षं कागदगिरणीत बॉयलरचे आकडे लिहिले.
त्याच वहीत आता लिहितो:
मीठ पस्तीस. उष्णता पंचवीस.
शेवटचा रकाना: काय केलं.
गिरणीत हा रकाना कोरा दिसला
की साहेब वही टेबलावर आपटायचा.

नवव्या दिवशी टोपी मिटली.
तिच्यावर मेणचट चकाकी आली,
उतू गेलेल्या दुधावर साय धरावी तशी.
इमेली काचेला नाक लावून म्हणाला,
मेलं.
मी बाही वर सारली. उचलू? घासू? उजेडात नेऊ?
फोन केला.
रविवारीच.

"हात बुडव," हिल्का म्हणाली, "आणि हुंग."
हुंगला.
"कसला वास?"
समुद्राचा. फार लांबच्या.
"सडका नाही ना? मग मेलं नाही.
कात टाकतंय ते. पंपाचं तोंड थोडं तिकडे वळव,
पाणी अंगावरून जाऊ दे.
आणि त्याच्याकडे बघत बसू नकोस."

पंप वळवला.
त्यानंतरचे सहा दिवस.
माझ्या हातांना कामाची खोड,
ते स्वयंपाकघरात उगाच चमचे पुसत बसले.
बाहेर उणे एकोणीस, खिडकीत उष्ण कटिबंध,
मध्ये मी, वही घेऊन.
काय केलं: काही नाही.
काय केलं: काही नाही.
मंगळवारी पेन दाबून लिहिलं, काहीच नाही.

सातव्या पहाटे ती साल सुटली,
पाण्यात फिरली, चिंधीसारखी,
आणि गाळणीत जाऊन अडकली.
खाली टोपीचा काठ उलगडलेला,
त्यावर शेकडो बोटं, भाताच्या तुसाएवढी,
नव्याने फुटलेली, हलत.
मी दात घासायचे विसरलो.

परवा मीठ आणायला दुकानात गेलो.
जांभळी फांदी तिथेच होती.
पाहिली. बोट खिशातच ठेवलं.
हिल्काने मीठ तोललं,
दोन रुमाल उगाच घडी केले,
काही बोलली नाही.

आज इमेली शाळेतून आला, दप्तरासकट टाकीसमोर बसला
आणि मोजू लागला, त्याची रोजची सवय.
"आजोबा, अळंब्या दोन आहेत."
एकच आणली होती.
मी वही मागे चाळली, पान पान,
मीठ, उष्णता, मीठ, उष्णता.
कधी झाली दुसरी, ते कुठेच लिहिलेलं नाही.