तापवही

पहिलं मोजमाप फसलं.
आशाताईच्या पिशवीतला काचेचा तापमापी
भर दुपारी बोडीच्या पाळीवर ठेवला,
पारा सरसर बेचाळिसापर्यंत चढला
आणि पुढे रेघच नव्हती.
माणसाचा ताप तिथे संपतो म्हणे.
कौतिका हसली, "मंग आपला तं तिथूनच सुरू होते वो."

दुसरा माझ्या दिराने आणला
कोंबड्यांच्या शेडमधून, एका कोपऱ्याला तडकलेला.
तिथे काटा चाळिसावर गेला
की छपरावर फवारे सुटतात,
पाण्यात औषध पडतं,
आणि दहा कोंबड्या मेल्या तर
कंपनीचा माणूस फटफटीवर येऊन
एकेकीची नोंद घेतो.

फुलवंता नन्नावरे घमेल्यासकट खाली बसली, उठली नाही.
तिची नोंद दवाखान्यात आहे :
अशक्तपणा.

मी दहावी पास, म्हणून वही माझ्याकडे.
पोराच्या गणिताची उरलेली पानं,
कुदळीचा दांडा धरून आखलेले रकाने.
तारीख. वेळ. पारा. शेरा.

चार मे, सकाळचे नऊ, अडतीस. मोहाखाली जागा आहे.
अकरा मे, बारा वाजता, पंचेचाळीस. प्यायचं पाणी सरलं,
सरुबाईचा नातू दोन डबक्या घेऊन आला.
सतरा मे, साडेबारा, सत्तेचाळीस.
टिटवी अंड्यांवर बसत नाही,
नुसती उभी आहे पंख पसरून,
स्वतःची सावली पाडत.
(हे लिहायचं की नाही, यावर अर्धा तास भांडण.
कौतिका म्हणाली, "लिही. तिलेच तं समजलं.")
त्याच पानावर खाली, एक वाजता : फुलवंता.

इंजिनिअर टेप घेऊन येतो,
खड्डा मोजतो, लांबी, रुंदी, खोली.
ऊन वाढलं की खड्डा उथळ होतो,
खड्डा उथळ की मजुरी उथळ.
टेपला ऊन लागत नाही.

पाळीवर उभं राहिलं की दिसते ती चिमणी,
उत्तरेला, दिवसरात्र सिगारेट ओढणाऱ्या सासऱ्यासारखी.
तिची वीज तारांवरून आमच्या डोक्यावरून जाते,
कुठल्या तरी बंद काचेच्या खोलीत गार होते.
गार खोलीची गरम पाठ
नेहमी बाहेर असते, भिंतीच्या पलीकडे.
एवढंच म्हणायचं होतं आम्हाला,
की ती पाठ आमच्या गावाकडे आहे.

ग्रामसभा शाळेत ठरली होती, पंख्याखाली.
बायकांनी ठराव मांडला : कामावर घ्या. एक वाजता.
साहेब आले. गाडी चालूच ठेवली.
म्हणाले, जिल्ह्याचा आकडा त्रेचाळीस आहे,
तुमचा तापमापी अधिकृत नाही.
कोणी ओरडलं नाही.
सरुबाईने वही माझ्या हातात दिली,
"वाच. पयल्या पानापासून. घाई नको करू."

मी वाचत गेले.
नवव्या पानावर साहेबांनी रुमाल काढला,
तेराव्यावर ड्रायव्हरकडे पाणी मागितलं.
टिटवीपाशी आले तेव्हा
ते मोहाच्या सावलीत सरकले होते,
आणि ती सावली, ते बसले म्हणून,
दोन बायकांना पुरली नाही.
हे त्यांनीही पाहिलं.

मिळालं काय ते सांगते, जास्त नाही.
कामाची वेळ साडेपाच ते साडेदहा.
हिरव्या जाळीचा एक मांडव, पहिल्या वावधणीत फाटलेला, शिवलेला.
मोजमापात सूट मात्र वर पाठवली आहे,
वर म्हणजे कुठे, ते विचारायला परवा तहसिलीला जातोय,
अठ्ठावीसजणी, भाकरी बांधून.
दवाखान्याच्या कागदावरचा तो शब्द
अजून तसाच आहे. फुलवंता आता येत नाही खणायला,
घरी बसून रकाने आखते.

काल नदीपलीकडच्या टोल्यातून
तीन पोरी आल्या सायकलींवर,
नवी कोरी वही घेऊन.
विचारलं, काय काय लिहायचं?
फुलवंताने पट्टी पुढे सरकवली.
"तारीख, वेळ, पारा.
आन् शेऱ्याचा रकाना रुंद ठेवजा,
तिथंच जागा पुरत नाई."