बरणी

प्रतीक्षानगरच्या ट्रान्झिट कॅम्पात, तिसऱ्या मजल्यावर
हेरंबने चपला फेकल्या, मग डबा, मग
बहिणीची वही.
मी ओरडणार होते. ओरडलेही, अर्धं.

मग लोणच्याची रिकामी बरणी काढली,
कितीही धुतली तरी मोहरीचा वास जात नाही तिचा.
कुंडीतली मूठभर माती, नळाचं पाणी,
झाकण घट्ट.
"हलव," म्हटलं. "असेल तेवढा राग घाल हिच्यात."

त्याने दोन्ही हातांनी घुसळली.
आत काहीच दिसेना.
टेबल नाही, म्हणून शिवणयंत्रावर ठेवली
आणि हनुवट्या टेकून बसलो दोघं.
आधी खडे बसले. मग वाळू.
एक काडी मात्र तरंगतच राहिली.
"ही का नाही बसत?"
"माहीत नाही रे."
शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, चार की पाच.
त्याचा श्वास कधी संथ झाला, कळलं नाही.

परवा खोली सोडायची नोटीस आली.
मी भांडी आदळत होते.
हेरंब काही बोलला नाही.
बरणी आणून ओट्यावर ठेवली,
पण आधी झाकण
घट्ट आहे ना, ते पाहिलं.