कित्ता

सेलूच्या आमच्या शाळेतलं लोखंडी कपाट
माझ्याशिवाय कुणाला उघडत नाही.
दार जरा वर उचलायचं, मग गुडघा लावायचा.
जून-जुलैत माझ्या गुडघ्याला किंमत येते.

परवा हातागळ्यांची तेजल आली.
अंबाजोगाईच्या मेडिकलला नंबर लागलाय,
जागा धरून ठेवलीय हमीपत्रावर, दिवस राहिलेत चार.
परभणीची समिती म्हणते,
पन्नास सालचा, त्याच्या आधीचा पुरावा आणा.
दक्षता पथकाचा माणूस घरी येऊन
आजीला विचारून गेला, तुमच्यात देवक कोणतं,
माणूस मेल्यावर काय करता.
आजी म्हणाली, रडतो.

मी वही काढली.
उर्दू संपून मराठी लागलेली पहिली वही,
कडा वाळवीनं खाल्लेल्या, शाई चहाच्या रंगाची.
अनुक्रम चौदा: श्रीधर दिगंबर देशमुख. जात मराठा.
अनुक्रम पंधरा: केरबा सटवाजी.
जात: कित्ता.

मास्तर कंटाळला असेल.
दौत वाळली असेल, जेवायची सुट्टी झाली असेल.
मागच्या-पुढच्या सगळ्या पानांवर
प्रत्येकाची जात ठसठशीत, रेघेवर बसवलेली,
ह्या एका ओळीत तेवढं
देशमुखाचं लेकरू आणि सटवाजीचं लेकरू
एकसारखे.
पंचाहत्तर वर्षं कपाटात राहिले तसेच,
कुणाला पत्ता नाही.

आणि आता त्याच एका शब्दापायी
पोरीची जागा जायलीय.

खरं सांगतो, माझं पोरगं घरी बसून आहे.
ओपनमधून एकोणीस मार्कांनी हुकलं.
जेवताना ते दुसऱ्यांचे मार्क मोजतं,
मी भाकरी मोडत राहतो, बोलत नाही.
होता तसा उतारा लिहून दिला असता
तर त्यात एक अक्षर खोटं नसतं.
माझा हात कोऱ्या फॉर्मपर्यंत गेला होता.
दुसरा हात वहीवर होता, अंगठा दाबून.

काका, तेजल म्हणाली, अंगठा सरकवा की,
शेवटचा रकाना झाकलाय.

अंगठ्याखाली शेरा होता:
ओट्याखाली बसतो. अंकगणित उत्तम.

मला वाटलं, रडेल.
तिनं मोबाईल काढला, फोटो घेतला,
दोन बोटांनी मोठा करून पुन्हा वाचला.
हेच पाहिजे होतं, म्हणाली,
आणि हसली. म्हणजे ओठ तसे झाले.

जातीच्या रकान्यात केरबा बरोबरीला बसला,
तो पुरावा धरत नाहीत.
ओट्याखाली बसला, तो धरतात.
मी तीस वर्षं उतारे देतोय,
हे गणित मला कुणी शिकवलं नव्हतं.

लिहायला बसलो.
ओट्याखाली हा शब्द काढताना
मास्तरचं वळण माझ्या हातात यायला लागलं,
तसाच पोट सुटलेला ओ, तसाच कलता काना.
लहानपणी आम्ही असंच गिरवायचो,
वरच्या ओळीकडं बघत, खालची ओळ,
अक्षर चुकलं की हातावर छडी.
मी पेन खाली ठेवलं, पाणी प्यालो, पुन्हा उचललं.

बसतो, पुढं पूर्णविराम दिला.
तेजल वाकून बघायलीच होती.
अंकगणित उत्तम, ते राहिलं.
म्हणलं, समितीला त्याचं काय करायचंय, बाई?
समितीसाठी नाही, म्हणाली.

लिहिलं.
खाली शिक्का मारला, अस्सलबरहुकूम नक्कल.
शाई ओलीच होती. फुंकर मारायला ती थांबली नाही,
कागद दोन्ही हातांवर आडवा धरून
परभणीच्या गाडीकडं पळाली.
कपाट उघडंच होतं.
मी गुडघा लावला, पण दार त्या दिवशी
लवकर बसलं नाही.